मी सरळ केलेले सात सूर

बाबा, मी तुमची थोरली बोलून राहिली. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुमचा काही भरोसा नाही. ओठांत स्क्रू धरून तोच स्क्रू घरभर शोधणारा माणूस तुम्ही. एकदा तर तो तोंडात असतानाच चहा प्यायले आणि वरून माझ्यावरच डाफरले, ‘काहून व, तू उचलला का?’ तेव्हा मी कोण आणि मला तुम्ही कुठे दिली, हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल असं धरूनच चालते. सौंसरहून पांढुर्ण्याला दिली, बाबा. लग्नात तुम्ही रडले नाही आणि बस सुटल्यावर मागं धावले, ती मी. आता माझे सगळे केस पांढरे झाले, गुडघे वाजतात आणि जी हे लिहून राहिली ती माझ्या मुलाची मुलगी आहे. अक्षर तिचं आहे. माझं बोलणं ती शाळेच्या भाषेत नीट बसवून लिहिते. मी ‘मले’ म्हणते, ती ‘मला’ लिहिते. लिहू दे. मला कुठं वाचता येते की चूक काढीन? तुम्हीच म्हणायचे, ज्याला कान आहे त्याला अक्षरं कायले पाहिजे. घ्या, आता त्या अक्षरांसाठी नातीला दोन वेळा चहा करून द्यावा लागून राहिला.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तुमचा कान गेला नव्हता. एवढंच आहे खरं तर, पण एवढं सांगून कागद संपवला तर तुम्हाला काही कळणार नाही. म्हणून हळूहळू सांगते.

मागच्या उन्हाळ्यात मुलानं नागपूरहून एक बाजा आणला, नातीसाठी. कीबोर्ड म्हणतात त्याला. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं नवीन घेतला म्हणून जुना काढला होता. पट्ट्या तुमच्या पेटीसारख्याच, काळ्या-पांढऱ्या, पण भाता नाही. आत पितळेची एक जीभ नाही, लाकडाचा तुकडा नाही, भिंतीतल्या लाईटवर चालतो. तुम्ही पाहिला असता तर पहिले त्याला उलटा करून त्याचे स्क्रू काढले असते, मग ते ओठांत धरले असते, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे. त्याच्यात आवाज ठेवले आहेत, बरणीत मसाले ठेवावे तसे. बासरी, व्हायोलिन, ऑर्गन. नातीला त्यातला इलेक्ट्रिक पियानो आवडतो. पहिल्यांदा मी ऐकला तेव्हा म्हटलं, हे काय व, ताटलीच्या काठाला चमचा लागला का? टण्ण होते आणि संपून जाते. ती म्हणाली, ‘आजी, तो कोरडा आवाज आहे. त्याच्यावर इफेक्ट टाकाचे असते.’ जशी भाजीवर कोथिंबीर.

इफेक्टची बटनं वेगळी आहेत, वरच्या ओळीत. एक सस्टेनचं. ते दाबलं की पट्टीवरून बोट उचललं तरी सूर राहतो, पाहुणे निघाले निघाले म्हणतात आणि दारात उभे राहून बोलत राहतात तसा. दुसरं ट्रेमोलोचं. त्यानं तोच सूर मोठा होतो, लहान होतो, मोठा होतो, लहान होतो. टेबलपंख्यासमोर तोंड नेऊन बोललं की आवाज कसा होते, तसा. मी आत पोळ्या लाटत होते आणि मनात म्हणत होते, चांगला नाद लावून दिला बापानं पोरीला. आणि मग तिनं तिसरं बटन दाबलं, कोरस नावाचं.

बाबा, मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले. पोळी तव्यावर तशीच. नात घाबरली, ‘काय झालं आजी, चटका बसला का?’ मी म्हटलं, ‘कोणतं बटन दाबलं तू?’ तिनं दाखवलं. म्हटलं, ‘बंद कर.’ तिनं बंद केलं. ‘आता चालू कर.’ केलं. ‘बंद कर.’ ‘आजी, बटन तुटून जाईन!’ पोळी जळल्याचा वास आला तेव्हा आम्ही थांबलो. तिनं मला वहीत लिहिलं असल्यासारखं समजावलं. मशीन एका सुराचे दोन करते. एक जिथल्या तिथं ठेवते, दुसरा त्याच्याजवळच पण जरासा हलता ठेवते, आणि दोन्ही सोबत सोडते. दोघांचं पूर्ण पटत नाही आणि ते एकमेकांना सोडतही नाहीत, म्हणून आवाज डुलतो. मी विचारलं, ‘हे मशीनले कोणं शिकवलं?’ ‘कंपनीनं.’ ‘आन् कंपनीले?’ ‘आजी, मले काय माहीत!’ तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं की त्याला झुला म्हणतात. आणि तो तुम्ही दार लावून द्यायचे.

आता तुम्हाला तुमचंच काम सांगते, तुम्ही विसरले असाल तर. सौंसरच्या घरातली पुढची खोली, खिडकीखाली पाट, पाटावर पेटी उघडून पडलेली. एका पट्टीखाली दोन सूर, दोन पितळी पट्ट्या, प्रत्येकीला एक जीभ. जिभेच्या टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मी भाता मारते, तुम्ही कानस चालवता. भावाला कान नाही, तो अंगणात विट्या तासत बसला आहे, म्हणून माझा कान कामाला आला. तुम्ही विचारता, ‘झाले का एक?’ मी डोळे मिटून ऐकते. दोन सूर भांडत असतात तोपर्यंत आवाज थरथरतो, थरथर हळू होते, आणखी हळू, आणि मग एकदम पाणी थांबल्यासारखं होते. मी म्हणते, ‘झाले.’ तुम्ही हसता. एकदा रामाकोन्याच्या गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणाले, ‘माह्या कानाहून माह्या पोरीचा कान पक्का हाय.’ ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, शेखी वाटते म्हणून. पण तुम्ही म्हणाले होते.

पण शेवटचा हात तुम्ही मला दाखवला नाही. सगळे सूर एक करून झाले की तुम्ही मला म्हणायचे, ‘जाय, चूल पाह्य.’ मग दाराला कडी. अर्ध्या-पाऊण तासानं कडी निघायची तेव्हा पेटी तीच, पण आवाज दुसरा. आता त्यात डुलणं असायचं. बारीक, असलं तर कळावं आणि शोधलं तर सापडू नये एवढं. मोहगावपासून बोरगावपर्यंत लोक तुमच्याकडे त्याच्यासाठीच पेटी आणायचे, आणि त्यांना माहीतही नव्हतं की कशासाठी आणतो. आईनं एकदा म्हटलं, ‘पोरीले दाखवून द्या ना.’ तुम्ही म्हणाले, ‘पोरगी परक्या घरी जाईन. हात तिकडं कायले पाठवाचा?’ पोराला द्यायचा तर पोराला कान नाही. म्हणजे तुम्ही तो हात कोणालाच दिला नाही. आणि मला अर्धं शिकवलं. रागावू नका, पण अर्धं शिकवलेल्या माणसानं जे करावं तेच मी केलं.

मोहगावच्या भजनी मंडळाची पेटी होती. माझं लग्न ठरलेलं, तीन आठवडे राहिलेले. तुम्ही पेटी पुरी करून ठेवली आणि रामाकोन्याला गेले, कोणाच्या भात्याला भोक पडलं होतं म्हणून. मोहगावची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. घरात मी एकटी. पेटीचं झाकण उघडंच होतं. मी एक पट्टी दाबली, अगदी हळू भाता मारत, तुम्ही शिकवलं तशी. थरथर. दुसरी दाबली. थरथर. मधल्या सप्तकातले सगळे सूर भांडत होते. झुला कशात असतो ते मला माहीत नव्हतं, बाबा. मला वाटायचं तो तुमच्या हातात असतो, नाहीतर तुम्ही कडी लावून आत काही लेप लावता, राळ नाहीतर मेण. दोन सूर भांडतात तो दोष, एवढंच मला शिकवलं होतं. मला वाटलं, माझ्या लग्नाच्या चिंतेनं बाबांचं ध्यान सुटलं. उद्या मोहगाववाले पाहतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला. मग मी कानस घेतली. वर चढलेली जीभ मुळाशी घासली, ऐकलं, घासली, ऐकलं. पांढऱ्या सातही पट्ट्या मी एक करून टाकल्या. इतक्या नीट की तुम्ही शाबासकी दिली असती. पितळेचा भुसा फुंकला, सूर जागेवर बसवले, झाकण लावलं आणि वाजवून पाहिलं.

मधेच मुकी झाली होती पेटी. वर डुलते, खाली डुलते, मधे सरळ. तेव्हा मला कळलं तो झुला कशात होता. शेवटचा हात मी शिकले बाबा, तो मोडून शिकले. आणि अंगणात तुमच्या चपला वाजल्या.

तुम्ही पाय धुतले, पाणी प्यायले आणि सवयीनं पेटीवर बसले. मी दारात. तुम्ही मधल्या सप्तकावर बोटं ठेवली आणि थांबले. परत वाजवलं. मान एका अंगाला केली, दुसऱ्या अंगाला केली. कानात करंगळी घालून हलवली. मग खाली वाजवलं, वर वाजवलं, परत मधे आले. मला हाक मारली नाही, नुसतं माझ्याकडे पाहून विचारलं, ‘बाई, मधल्यात झुला येऊन राहिला का तुले ऐकू?’ तुम्ही पेटी उघडून पाहिली असती तर सात जिभांच्या मुळाशी ताजं पितळ सोन्यासारखं चमकताना दिसलं असतं. पण पेटी कायले उघडाल तुम्ही? पेटीपेक्षा माझ्या कानावर भरोसा होता तुमचा. मी म्हटलं, ‘येऊन राहिला की, बाबा.’

एवढंच म्हटलं. चार शब्द पुरले. तुम्ही आणखी एकदा वाजवलं आणि म्हणाले, ‘मले नाही येत.’ मग हसले. ते हसणं मला अजून नीट सांगता येत नाही, नातीला म्हटलं नुसतं ‘हसले’ लिही. सकाळी मोहगावची माणसं आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं अंगणातच दोन ओळी म्हटल्या, मान डोलावली, ‘वा! काय पेटी बनवली, बाप्पा!’ आता त्यांना कुठला फरक कळणार होता? पण तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना ऐकू येते, तुम्हालाच येत नाही, हे त्या क्षणी पक्कं झालं. त्या दिवशी मी सांगितलं असतं तर एक झापड बसली असती आणि संध्याकाळपर्यंत सात सूर परत चढले असते. टोकाशी जराजरा घासायचं, बस. इतकं सोपं होतं ते. मला वाटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगीन. मग वाटलं, पहिल्या दिवाळीला जाईन तेव्हा सांगीन.

दिवाळीला आले तेव्हा पुढच्या खोलीत संत्र्यांच्या टोपल्या रचलेल्या. कानशी गोणपाटाच्या थैलीत बांधून माळ्यावर. आई म्हणाली, ‘कानानं कमी ऐकतात आता तुह्ये बाबा.’ आणि खरंच, तुम्ही कोणी बोललं की हात कानामागं धरून ‘आँ?’ करायचे. कान चांगला असून तुम्ही बहिरे झाले, बाबा. कोणी हळू बोललं आणि तुम्हाला ऐकू आलं, तरी तुम्ही परत विचारायचे, म्हणजे चूक व्हायला नको. लोक ओरडून बोलायला लागले. भाऊ ओरडायचा, गल्ली ओरडायची. आणि मीसुद्धा. मला सगळं माहीत असून, दोन वर्षांनी एकदा तुमच्या कानाजवळ तोंड नेऊन मी ओरडले आहे, ‘बाबा, जेवाले चला!’ तुम्ही दचकून मान मागं घेतली होती, कारण तुमचा कान फाटला असेल. तेव्हा तरी सांगायचं होतं. पण जो माणूस दोन वर्षं बहिरा राहून चुकला त्याला कसं सांगावं की तू बहिरा नव्हताच? पहिल्या दिवशी सांगणं सोपं असते. दुसऱ्या दिवशी जड. मग असं होते की सांगण्यानंच त्याचं जास्त नुकसान होईल असं वाटते, आणि आपण दयेचं नाव देऊन गप्प बसतो. तुम्ही गेले तेव्हा मी बाळंतीण होते, पांढुर्ण्यात. पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

नात लिहिता लिहिता थांबली आहे. तिला हे आजच कळून राहिलं. इतके दिवस तिला फक्त एवढंच दिसायचं की कीबोर्ड सुरू झाला की आजी कामं टाकून येऊन बसते आणि अक्कल शिकवते. शिकवते मी, हो. ती पहिले सगळी बटनं एकदम दाबायची, मी म्हटलं, ही काय आंबील केली व? जलद गाणं असलं तर सस्टेन बंद ठेव, नाहीतर मागचे सूर पुढच्यांच्या अंगावर पडतात. ट्रेमोलो आणि कोरस एका वेळी नको, एक तर मोठं-लहान होऊ दे, नाहीतर डुलू दे. संथ भजनाला कोरस एकटा पुरते, त्याला थोडं सस्टेन. देवळात वाजवशील तेव्हा आवाज घुमवायचं बटन लावूच नको, देऊळ आधीच घुमते. तिनं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘आजी, तुले कसं कळते हे?’ मी म्हटलं, ‘माहे बाप कंपनीचे बाप होते.’ हसली ती. मला बटनांवरचं वाचता येत नाही म्हणून तिनं कोरसवर आपली लाल टिकली लावून दिली. आमच्याकडे लाईट जाते येते, आणि लाईट गेली की मशीन सगळं विसरते. परत आली की आवाज कोरडा. मग मी जाऊन टिकलीवर बोट ठेवते आणि झुला हजर. दार लावायचं नाही, पोरगी परक्याची की घरची विचारायचं नाही. एका बोटानं येते, एका बोटानं जाते. माझ्याकडूनही गेला होता तो आणि मला परत आणता आला नाही. ते बटन दाबताना मला कधी बरं वाटते आणि कधी असं वाटते की कोणी माझ्या तोंडावर दार आपटलं.

एकदा मी भावाकडे गेले तेव्हा मोहगावला त्या पेटीचा शोध घेतला. मंडळ मोडलं, पेटी कोणाच्या तरी गोठ्यात होती, उंदरांनी भाता खाल्ला, मग माहीत नाही. म्हणजे दुरुस्त करायला ती पेटीही नाही आणि ज्याला सांगायचं तो माणूसही नाही. हा कागदसुद्धा नातीच्या गणिताच्या वहीचा आहे, मागच्या पानांचा. तो वहीतच राहील. भावाला पाठवावा असं एकदा वाटलं, पण तो वाचेल आणि म्हणेल, आता कायले उकरून राहिली बाई. त्याचं बरोबर आहे.

आता आणखी एक, मग पुरे. मागच्या सोमवारी लाईट जाऊन आली आणि नात वाजवायला बसली. मी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली, म्हटलं, ‘आता कसा डुलून राहिला पाह्य.’ ती म्हणाली, ‘आजी, बटन तर बंद हाय.’ मी हसून म्हटलं, ‘तुही परीक्षा पाहून राहिली होती.’ परीक्षा नव्हती, बाबा. मग तिनं बटन चालू केलं आणि मला दोन्ही सारखंच वाटलं. गेल्या दिवाळीपासूनच माझ्या डाव्या कानात काही तरी कमी होऊन राहिलं होतं, आता उजवाही गेला. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. आता नातीला लिहावं लागलं म्हणून तिला कळलं. ती रडून राहिली आणि मी तिला म्हणून राहिली की लिही, थांबली काहून.

लिही. पुढच्या आठवड्यात पितरांचे दिवस सुरू होतात. बापाचं पान सौंसरला भाऊ वाढते, लेकीनं वाढायचं नसते, म्हणून इथून डबा जाऊ दे. सकाळच्या बसनं, दुपारच्या नाही. वहिनी खीर आणि वडे करीलच, ते आपण नाही पाठवायचे. कोरडा झुणका पाठव, ज्वारीच्या दोन भाकरी, तेलाची वाटी वेगळी, आणि एक कांदा. श्राद्धाला कांदा चालत नाही असं कोणी म्हटलं तर म्हणजो, आजीनं सांगितलं. आणि कांदा चिरून नको देजो, आख्खाच ठेवजो. ते बुक्कीनं फोडून खातात.